हौशी ट्रान्समीटरची मुक्त आज्ञावली

तिफण कोणाची, असा प्रश्न आपल्या वाडवडिलांस कधीं पडला नाहीं. ज्यानें तिचे पैसे किंवा बलुतें दिलें त्याची ती. तिचा दांडा, फण, नळे व चाडें हे सर्व भाग डोळ्यांस दिसत. एखादा फण मोडला तर गांवचा सुतार तो बदलून देई, आणि तो नसला तर शेजारच्या गांवचा देई. दोन फणांमधील अंतर आपल्या जमिनीस सोईचें नसेल तर तें कमीजास्त करून घेण्यास कोणाची परवानगी लागत नसे. औत विकत घेतलें म्हणजे त्याचें मर्मही त्याबरोबरच आपल्या घरीं येई.

आजच्या यंत्रांची गोष्ट तशी राहिलेली नाहीं. ट्रॅक्टरच्या इंजिनांत, पंपाच्या स्टार्टरमध्यें, फवारणीच्या ड्रोनमध्यें एक लहानशी चिप असते, आणि तिच्यांत लिहून ठेवलेल्या आज्ञा यंत्राचें खरें चलनवलन ठरवितात. ह्या आज्ञांच्या समूहास आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. लोखंड मालकाचें, परंतु आज्ञा कारखानदाराच्या कुलुपांत, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं झाली आहे. अमेरिकेंत ह्यावरून शेतकरी व ट्रॅक्टरचे कारखानदार यांच्यामध्यें अनेक वर्षें वाद चालला, आणि जानेवारी २०२५ मध्यें तेथील संघीय व्यापार आयोगानें दुरुस्तीच्या साधनांवरील निर्बंधांबद्दल जॉन डीअर कंपनीवर दावा दाखल केला.

ह्या अडचणीचें एक उत्तर, कोणास वाटणार नाहीं अशा ठिकाणीं तयार झालें आहे. लहान विमानें, होड्या व मोटारी दुरून चालविण्याचा छंद असलेल्या मंडळींनीं आपल्या हातांतील ट्रान्समीटरची आज्ञावली स्वत: लिहून सर्वांस खुली केली. विषय खेळाचा दिसला तरी त्यांत शेतकऱ्यानें घेण्यासारखें पुष्कळ आहे, म्हणून तो येथें थोडा विस्तारानें मांडीत आहों.

यंत्राची सामान्य माहिती

बिनतारी लहरींनीं दुरून वाहन चालविण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें केला. त्यानें पाण्यांत सोडलेली एक लहान होडी तार न लावतां चालवून दाखविली. आजचा हौशी ट्रान्समीटर, ज्यास आपण सामान्यत: रिमोट म्हणतों, त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ति होय. त्यावर दोन दांड्या, कांहीं बटनें व फिरक्या असतात. दांडी हलविली कीं तिच्या मुळाशीं बसविलेलें उपकरण तिची जागा विजेच्या दाबांत दाखवितें. आंतील चिप त्या दाबाचा आंकडा करते. आज्ञावली त्या आंकड्यांवर बेरीज-वजाबाकी करून प्रत्येक मार्गासाठीं, म्हणजे चॅनेलसाठीं, एक आंकडा ठरविते. आणि रेडिओचा भाग तो आंकडा लहरींवरून पाठवितो. वाहनांतील रिसीव्हर त्याप्रमाणें सर्व्हो मोटारीस विजेचे लहान लहान स्पंद देतो. मध्याचा स्पंद १५०० मायक्रोसेकंदांचा धरलेला असून दोन्ही टोकांचे स्पंद सुमारें १००० व २००० मायक्रोसेकंदांचे असतात.

ह्यावरून असें दिसेल कीं, दांडी व मोटार यांच्यामध्यें जें कांहीं शहाणपण आहे तें सर्व आज्ञावलींत आहे. एकच ट्रान्समीटर विमानास चालेल कीं होडीस, दांडी किती हलविली असतां सुकाणूं किती वळावें, बॅटरी उतरत आली तर सूचना द्यावी कीं न द्यावी, हें सर्व तीच ठरविते.

मुक्तता म्हणजे काय

मुक्त आज्ञावली म्हणजे केवळ फुकट मिळणारी आज्ञावली नव्हे. तिच्या मागची कल्पना १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं सुरूं केलेल्या ग्नू नांवाच्या उपक्रमांतून पुढें आली. तींत चार हक्क मानलेले आहेत: आज्ञावली कोणत्याही कामासाठीं चालविणें, ती कशी लिहिली आहे हें वाचून पाहणें, तिच्या प्रती दुसऱ्यास देणें, आणि तींत फेरफार करून ती सुधारलेली आवृत्तिही दुसऱ्यास देणें. ह्या हक्कांस कायद्याचें रूप देणारा जीपीएल नांवाचा परवाना १९८९ सालीं निघाला व त्याची दुसरी आवृत्ति १९९१ सालीं आली. ह्या परवान्यांत एक महत्त्वाची अट आहे. जो कोणी अशी आज्ञावली सुधारून दुसऱ्यास देईल, त्यानें आपल्या सुधारणेचा मूळ मजकूरही त्याच हक्कांसह दिला पाहिजे.

शेतकऱ्यास ही गोष्ट नवी वाटूं नये. चांगल्या कणसांचें बी राखून ठेवावें, पुढील सालीं पेरावें, शेजाऱ्यानें मागितलें तर पायलीभर द्यावें, आणि त्याच्या शेतांत तें अधिक चांगलें उतरलें तर त्यानेंही तें दुसऱ्यास द्यावें, ही आपली जुनी रीत आहे. मुक्त आज्ञावलीनें ही रीत लेखी कराराच्या स्वरूपांत बांधून टाकली, एवढाच फरक.

एका स्वस्त ट्रान्समीटरची हकीकत

सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं फ्लायस्काय कंपनीनें बनविलेला एक स्वस्त चिनी ट्रान्समीटर टर्निजी ९एक्स ह्या नांवानेंही बाजारांत विकला जात असे. त्याचे भाग किंमतीच्या मानानें चांगले होते. परंतु कारखान्यानें त्यांत घातलेली आज्ञावली अगदीं सामान्य होती. त्याच्या पोटांत अ‍ॅटमेगा ६४ ही चिप होती. तिची आज्ञा साठविण्याची जागा अवघी ६४ किलोबाइट, व चालू कामाची स्मृति ४ किलोबाइट. पडदा १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा, काळापांढरा. हौशी मंडळींनीं पेटी उघडून त्या चिपच्या पायांस सहा बारीक तारा डाग देऊन जोडल्या, आणि तिच्यांत स्वत: लिहिलेली आज्ञावली भरली. ह्यांतून ईआर-नाइन-एक्स व त्यापाठोपाठ ओपन-नाइन-एक्स ह्या आज्ञावली प्रसिद्ध झाल्या. जो ट्रान्समीटर स्वस्त म्हणून हिणविला जात असे, तो चढ्या किंमतीच्या ट्रान्समीटरांचीं कामें करूं लागला.

पुढें ओपन-नाइन-एक्सचें ओपन-टीएक्स असें नामांतर झालें. कारखानदारांनींही ह्याची दखल घेतली. २०१३ च्या सुमारास फ्रस्काय कंपनीनें टारानिस हा ट्रान्समीटर बाजारांत आणला तो ओपन-टीएक्स घालूनच. घरगुती टेबलावर जन्मलेली आज्ञावली अशा रीतीनें कारखान्यांतून सीलबंद होऊन निघणाऱ्या मालांत जाऊन बसली.

ह्यापुढील भाग विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. त्याच कंपनीनें नंतर आपल्या नव्या ट्रान्समीटरांसाठीं एथोस नांवाची स्वत:ची बंद आज्ञावली काढली, आणि ओपन-टीएक्सचें कामही कालांतरानें मंदावलें. बंद वस्तूच्या बाबतींत अशा वेळीं गिऱ्हाइकाच्या हातीं कांहींच उरत नाहीं. येथें तसें झालें नाहीं. २०२१ सालीं कांहीं कार्यकर्त्यांनीं ओपन-टीएक्सचा सर्व मजकूर घेऊन एज-टीएक्स ही नवी फांदी काढली. तशी फांदी काढण्याचा हक्क परवान्यानेंच दिलेला होता; कोणाच्या दारीं अर्ज करावा लागला नाहीं. रेडिओमास्टर, जंपर इत्यादि कंपन्यांचे ट्रान्समीटर आज ही आज्ञावली चालवितात. खोड वाळूं लागलें तरी कलम दुसरीकडे धरलें, म्हणून जात नष्ट झाली नाहीं.

आंतील रचना व एक उदाहरण

एज-टीएक्सची रचना तीन पायऱ्यांची आहे. पहिली इनपुट, म्हणजे दांड्यांकडून आलेले आंकडे. दुसरी मिक्स, म्हणजे त्या आंकड्यांचें मिश्रण. तिसरी आउटपुट, म्हणजे मिश्रणास घातलेल्या मर्यादा. दांडी मध्यावर असतां आंकडा शून्य, एका टोकास अधिक १०० व दुसऱ्या टोकास उणे १०० असतो.

समजा, शेतांत दहा-वीस किलोंचें ओझें वाहून नेण्यासाठीं दोन मोटारींचा एक लहान गाडा केला आहे. डाव्या चाकास एक मोटार व उजव्या चाकास दुसरी. सुकाणूं नाहीं, एका बाजूची मोटार जलद व दुसरी हळू चालली म्हणजे गाडा वळतो. अशा वेळीं मिक्सच्या पानावर चारच ओळी लागतात. डाव्या मोटारीस पुढें जाण्याचा आंकडा अधिक वळण्याचा आंकडा; उजव्या मोटारीस पुढें जाण्याचा आंकडा उणे वळण्याचा आंकडा. दांडी पुढें ८० व उजवीकडे २० सरकविली, तर डाव्या मोटारीस १०० व उजवीस ६० मिळतात आणि गाडा उजवीकडे वळतो.

आतां दांडी पुढें १०० व उजवीकडे ५० केली तर काय होईल? डाव्या मोटारीची बेरीज १५० होते; परंतु आउटपुटची मर्यादा १०० असल्यामुळें वरचे ५० कापले जातात, आणि अपेक्षेपेक्षां कमी वळण मिळतें. ह्यावर उपाय असा कीं, चारही ओळींचें प्रमाण शेंकडा ५० ठेवावें. मग डाव्या मोटारीस ७५ व उजवीस २५ मिळून दोहोंतील प्रमाण शाबूत राहतें. मात्र सरळ चालीस मोटारींचा अर्धाच वेग मिळेल. वेग हवा कीं वळणाचा नेमकेपणा हवा, हें चालविणारानें आपल्या कामावरून ठरवावें. कारखानदारानें आधींच ठरवून दिलेल्या बंद यंत्रांत हा निर्णय आपल्या हातीं नसतो.

त्याच ओळीवर ‘स्लो’ ह्या सदरांत एक-दोन सेकंदांचा अवकाश घातला म्हणजे दांडी एकदम रेटली तरी मोटार हळूहळू जोर घेते. अनुभवी गडी भरलेली गाडी ओढतांना बैलांस हिसका देऊं देत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. दांत्यांचें आयुष्य वाढतें व ओझें कलंडत नाहीं.

सुरक्षिततेची एक बाब मात्र येथें नीट समजून घेतली पाहिजे. विमानाची मोटार थांबविण्यासाठीं तिच्या चॅनेलवर उणे १०० हा आंकडा ठेवण्याचा प्रघात आहे, कारण तेथें उणे १०० म्हणजे मोटार बंद. परंतु पुढें व मागें दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्यांत उणे १०० म्हणजे पूर्ण वेगानें मागें! तेथें थांबण्याचा आंकडा शून्य आहे. म्हणून मोटार तोडण्याचें बटन ठेवतांना, तसेंच लहरींचा संबंध तुटला असतां रिसीव्हरनें काय करावें, म्हणजे ज्यास फेलसेफ म्हणतात तें ठरवितांना, दोन्ही चॅनेलांवर शून्य ठेवावें. विमानाची मांडणी जशीच्या तशी गाड्यास लावली तर संबंध तुटतांच गाडा मागें उभ्या असलेल्या माणसावर धांवून जाईल.

ह्या आज्ञावलीचा आणखी एक गुण सांगण्याजोगा आहे. ती बोलते. वाहनांतील बॅटरीचा दाब रिसीव्हरकडून परत ट्रान्समीटरकडे येत असेल, तर अमुक दाबाखालीं गेल्यास अमुक ध्वनि वाजवावा असें सांगून ठेवतां येतें. तीन घरांच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा पूर्ण दाब १२.६ व्होल्ट असतो. प्रत्येक घरास ३.५ प्रमाणें १०.५ व्होल्टवर इशारा ठेवणें बरें. वाजवावयाचा ध्वनि एसडी कार्डावर साध्या फाइलच्या रूपानें असतो व तो कोणासही आपल्या आवाजांत भरतां येतो. ‘बॅटरी उतरली, परत फिरा’ असें मराठींत बोलणारा ट्रान्समीटर करून घेण्यास कोणत्याही कंपनीची विनवणी करावी लागत नाहीं. तसेंच प्रत्येक वाहनाची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींत राहत असल्यामुळें ती वाचतां येते, जपून ठेवतां येते व दुसऱ्यास देतां येते.

लहरींची भाषा आणि कायदा

ट्रान्समीटर व रिसीव्हर यांची भाषा एक असावी लागते, आणि प्रत्येक कंपनीनें आपली भाषा निराळी ठेविली आहे. त्यामुळें एका कंपनीचा ट्रान्समीटर घेतला कीं रिसीव्हरही तिचेच घेत राहावे लागतात. ही साखळीही हौशी मंडळींनीं सैल केली. मल्टिप्रोटोकॉल नांवाच्या मुक्त मॉड्यूलमध्यें चार निरनिराळ्या रेडिओ चिपा एकत्र बसवून अनेक कंपन्यांच्या भाषा एकाच ट्रान्समीटरकडून बोलविल्या जातात. ह्याशिवाय एक्सप्रेस-एलआरएस नांवाची सर्वस्वीं मुक्त भाषा निघाली असून ती बोलणारे ट्रान्समीटर व रिसीव्हर अनेक कारखाने करतात.

लहरींच्या पट्ट्याविषयीं मात्र स्वातंत्र्य नाहीं, आणि तें नसणेंच योग्य आहे, कारण आकाश सर्वांचें आहे. आपल्या देशांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठराविक शक्तीच्या मर्यादेंत विनापरवाना वापरतां येतो. दूरच्या अंतरासाठीं ८६५ मेगॅहर्ट्झच्या पुढील लहान पट्टाही मोकळा आहे, आणि एक्सप्रेस-एलआरएसमध्यें भारतासाठीं ८६६ ची निराळी सोय आहे. परदेशांतून आलेलें मॉड्यूल पुष्कळदां अमेरिकेच्या ९१५ मेगॅहर्ट्झवर ठेवलेलें असतें. तेथें तो पट्टा मोकळा आहे. येथें त्याच्या भागांत मोबाइल टेलिफोनच्या लहरी चालतात. म्हणून मॉड्यूल लावण्यापूर्वीं त्यांतील देशाची निवड तपासावी.

आज्ञावली बदलण्याची रीत

आज ह्या कामास डाग देण्याची गरज उरलेली नाहीं. ट्रान्समीटर यूएसबी तारेनें संगणकास जोडून काम होतें. तथापि पुढील क्रम सोडूं नये. प्रथम आपल्या ट्रान्समीटरचें नेमकें नांव पाहून त्यासाठींचीच आज्ञावली घ्यावी. ट्रान्समीटरची बॅटरी पूर्ण भरावी, कारण मध्येंच वीज गेली तर काम अर्धवट राहतें. मूळ आज्ञावली, सर्व मांडण्या व एसडी कार्डावरील मजकूर यांची प्रत संगणकावर काढून ठेवावी. नवी आज्ञावली घातल्यावर एसडी कार्डावरील मजकूरही त्याच आवृत्तीचा घालावा. नंतर दांड्यांचें मोजमाप पुन्हा घ्यावें. शेवटीं विमानाचे पंखे काढून, अथवा गाड्याचीं चाकें जमिनीपासून उचलून, प्रत्येक चॅनेल तपासावें, आणि ट्रान्समीटर बंद करून मोटारी खरोखर थांबतात कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. एज-टीएक्सच्या कम्पॅनियन ह्या संगणकावरील आज्ञावलींत मांडणी आधीं पडद्यावर चालवून पाहतां येते, त्याचा अवश्य उपयोग करावा.

मुक्त आज्ञावलीस कारखानदाराची हमी नसते, हें परवान्यांतच स्पष्ट लिहिलेलें असतें. हक्क आपल्याकडे आला तसा जबाबदारीचा भारही आपल्याकडे आला. घरचें बी पेरणाऱ्यानें उगवण स्वत: तपासावी, तसेंच हें आहे.

शेतीशीं संबंध

कोणी म्हणेल, हें सर्व खेळापुरतें ठीक. शेताच्या बांधावर त्याचें काय काम? ह्याचें उत्तर असें कीं, हा प्रवाह बांधापर्यंत केव्हांच येऊन पोंचला आहे. स्वयंचलित विमानें व गाडे चालविणारी आर्डुपायलट ही आज्ञावली अशाच हौशी मंडळींतून वाढली. ती मुक्त असून तिच्यांत पिकावर फवारा सोडण्याच्या पंपाची सोयही आहे. कॅनडांतील एका शेतकऱ्यानें आपल्या शेतासाठीं अ‍ॅग-ओपन-जीपीएस नांवाची आज्ञावली लिहून सर्वांस खुली केली. तिच्या साह्यानें जुन्या ट्रॅक्टरासही उपग्रहाच्या संकेतावर सरळ तास धरतां येतो, व पेरलेल्या भागावर पुन्हा पेर पडत नाहीं. तिचीं उपकरणें ठिकठिकाणचे शेतकरी स्वत: जुळवितात.

तरीही उत्साहाच्या भरांत दोन मर्यादा विसरूं नयेत. भारतांत २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम अमलांत आले. त्यांनीं वजनावरून वर्ग केले असून २५० ग्रॅमपर्यंतचा वर्ग सर्वांत हलका आहे. छंदासाठीं, शिक्षणासाठीं व संशोधनासाठीं दृष्टीच्या टप्प्यांत उडविल्या जाणाऱ्या नमुन्यांस कांहीं सवलती आहेत. त्या सवलतींवर फवारणीचा धंदा करतां येत नाहीं. कीटकनाशकांच्या फवारणीसाठीं केंद्रीय कृषि खात्यानें डिसेंबर २०२१ मध्यें निराळी कार्यपद्धति प्रसिद्ध केली आहे. तेव्हां घरीं जुळविलेल्या विमानास औषधाची टांकी बांधून पिकावर फिरविण्याचा मोह कोणीं धरूं नये. औषधाचा फवारा वाऱ्यानें शेजाऱ्याच्या विहिरीवर गेला तर आज्ञावली मुक्त होती ही सबब चालणार नाहीं.

शिकण्यास मात्र कोणाची आडकाठी नाहीं. ज्या गांवीं दोन-चार तरुण पंपाचे स्टार्टर व मोबाइल दुरुस्त करतात, तेथें एक ट्रान्समीटर, एक रिसीव्हर व दोन मोटारींचा गाडा एवढ्या साहित्यावर हा अभ्यास सुरूं करतां येईल. गाड्यापासून आरंभ केल्यास आकाशाचे नियम आड येत नाहींत व पडझडही थोडी होते. सहकारी संस्थेनें असा एक संच घेऊन ठेवला तर सभासदांच्या मुलांस यंत्राच्या आंत पाहण्याची संवय लागेल, आणि ही संवय पुढें कोणत्याही यंत्रापाशीं उपयोगी पडेल.

ह्यापुढें फवारणीचा ड्रोन, ठिबकाचा स्वयंचलित नियंत्रक किंवा ट्रॅक्टर विकत घेण्याची वेळ येईल तेव्हां किंमत व अश्वशक्ति यांबरोबर विक्रेत्यास आणखी चार प्रश्न विचारावे: ह्याच्या मांडणीची प्रत मला काढून ठेवतां येईल काय? दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग ह्यास चालेल काय? दोष कोठें आहे हें दाखविणारें साधन माझ्या गांवच्या कारागिरास मिळेल काय? आणि कंपनी उद्यां बंद पडली तर हें यंत्र चालूं राहील काय? एकट्यादुकट्यानें विचारले तर ह्या प्रश्नांस उत्तर मिळणार नाहीं. परंतु संस्थेच्या वतीनें पन्नास सभासदांची खरेदी एकत्र करून तेच प्रश्न लेखी विचारले, तर विक्रेत्यास उत्तर द्यावें लागेल. तें उत्तर ह्या मासिकाकडे पाठवावें, म्हणजे त्याचा लाभ इतर गांवांसही होईल.